पोलिसांची गोळी, सरकारी वकिलाचा निर्णय आणि मतदाराचा कौल

१५ मार्च २०१६ या एकाच दिवशी अमेरिकेतल्या दोन मोठ्या काउंट्यांच्या मुख्य सरकारी वकिलांना त्यांच्याच पक्षाच्या मतदारांनी घरी बसवले. एक होत्या शिकागो शहर ज्या कुक काउंटीत येते तिथल्या अनिता अल्वारेझ. दुसरे क्लीव्हलँड ज्या कायाहोगा काउंटीत येते तिथले टिम मॅकगिंटी. दोघेही डेमोक्रॅट, दोघांचाही पराभव पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीत, आणि दोघांच्याही मागे पोलीस गोळीबाराचे एकेक प्रकरण लागलेले. शिकागोत सतरा वर्षांच्या लक्वान मॅकडॉनल्डला आणि क्लीव्हलँडमध्ये बारा वर्षांच्या तामिर राइसला पोलिसांनी गोळ्या घातल्या होत्या. दोघेही कृष्णवर्णीय होते. आधीच्या प्रकरणात आरोप ठेवायला तेरा महिने लागले, दुसऱ्यात ते ठेवलेच गेले नाहीत.

पदावरचा सरकारी वकील निवडणुकीत पडणे अमेरिकेत विरळा. म्हणून या दोन निकालांनंतर एका जुन्या प्रश्नाला नवी धार आली. पोलिसाने नागरिकाला गोळी घातली, तर त्याच्यावर खटला भरायचा की नाही हे ठरवणारा अधिकारी लोकांनी निवडलेला असतो. मग त्या निर्णयाचा जाब लोकांनी मतपेटीतून विचारावा का, विचारला तर त्यातून काय साधते, आणि त्याची किंमत काय? गेल्या दहा-बारा वर्षांत या प्रश्नावर निवडणुका लढल्या गेल्या, कायदे बदलले, आणि बदलाचा काटा उलटाही फिरला. तो वाद आज कुठे येऊन थांबला आहे, त्याचा हा आढावा.

हे पद मतदारांच्या हाती कसे आले

सरकारी वकील निवडणुकीने ठरवणे ही जगात जवळपास अमेरिकेपुरतीच असलेली रीत आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत तिथेही हे पद राज्यपाल, विधिमंडळ किंवा न्यायालय यांच्या नेमणुकीने भरले जाई. एकोणिसाव्या शतकात अँड्र्यू जॅक्सन यांच्या काळातल्या लोकसत्तेच्या लाटेत हे चित्र पालटले. मिसिसिपीने १८३२ च्या राज्यघटनेत, तर न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत हे पद निवडणुकीने भरायचे ठरवले, आणि यादवी युद्धाच्या तोंडापर्यंत बहुतेक राज्ये त्या वाटेला लागली. हेतू साधा होता. नेमणुकीमागची वशिलेबाजी मोडावी आणि सरकारी वकील सत्ताधाऱ्यांचा मिंधा राहू नये.

आज कनेक्टिकट, न्यू जर्सी, अलास्का, डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड वगळता बाकी राज्यांत स्थानिक मुख्य सरकारी वकील निवडून येतात. कुठे त्यांना डिस्ट्रिक्ट ॲटर्नी म्हणतात, कुठे स्टेट्स ॲटर्नी, कुठे प्रॉसिक्युटिंग ॲटर्नी. मतदारसंघ बहुधा काउंटी, म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. मुदत बहुतेक ठिकाणी चार वर्षांची. लुइझियानात सहा आणि टेनेसीत तर आठ वर्षांची.

कागदावर लोकशाही असलेली ही व्यवस्था व्यवहारात कशी चालते, याचे नेमके चित्र रोनल्ड राइट या कायद्याच्या प्राध्यापकांनी २००९ साली मांडले. त्यांच्या अभ्यासानुसार पदावर असलेला सरकारी वकील पुन्हा उभा राहिला तर सुमारे ९५ टक्के वेळा जिंकतो, आणि सुमारे ८५ टक्के वेळा त्याच्यासमोर उमेदवारच नसतो. प्रचार झालाच तर तो उमेदवाराचे चारित्र्य आणि एखाददुसरा गाजलेला खटला यांभोवती फिरतो. कार्यालयाची धोरणे क्वचितच चर्चेत येतात. उत्तरदायित्वाचे साधन म्हणून या निवडणुका निरुपयोगी आहेत, असाच निष्कर्ष त्या काळात बहुतेकांनी काढला होता.

बाकीची दारे

मतपेटीकडे एवढे लक्ष का लागते, हे कळायला गोळीबाराचे प्रकरण तिथे कसे पुढे सरकते ते पाहावे लागते. पोलीस तपास करतात, पण फौजदारी आरोप ठेवायचा की नाही हे सरकारी वकील ठरवतो. तो स्वतः आरोप दाखल करू शकतो किंवा प्रकरण ग्रँड ज्युरीसमोर ठेवू शकतो. ग्रँड ज्युरीत सामान्य नागरिक असतात. तिची बैठक बंद दाराआड होते, आणि तिच्यासमोर कोणता पुरावा, कोणत्या क्रमाने, कोणत्या सुरात मांडायचा हे सरकारी वकिलाच्या हाती असते. तिने आरोप नाकारले की वकिलाला निर्णय ज्युरीचा आहे असे म्हणता येते.

त्या निर्णयावर वरचढ असा मार्ग पीडित कुटुंबाला फारसा नाही. दुसऱ्यावर खटला भरला जावा, यासाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क खासगी व्यक्तीला नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ साली सांगितले. खटला चालवण्याच्या कामासाठी सरकारी वकिलावर नुकसानभरपाईचा दावाही करता येत नाही, हे १९७६ च्या निकालाने पक्के झाले. संघराज्य सरकार नागरी हक्कांच्या कायद्याखाली स्वतंत्र खटला भरू शकते. पण पोलिसाने हक्कभंग जाणूनबुजून केला हे सिद्ध करण्याची अट इतकी कडक आहे की असे खटले मोजकेच उभे राहतात.

भारताशी तुलना केली तर फरक लगेच ध्यानात येतो. आपल्याकडे सरकारी वकील सरकार नेमते, त्यामुळे मतदाराचा त्याच्याशी थेट संबंध नाही. मात्र खासगी तक्रार घेऊन दंडाधिकाऱ्यांकडे किंवा रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जाता येते. वर्सोव्यातल्या २००६ सालच्या लखनभैया चकमकीचा खटला मृताच्या भावाने मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतल्यामुळे उभा राहिला, आणि २०१३ साली तेरा पोलिसांना शिक्षा झाली. अमेरिकेत न्यायालयाचे हे दार जवळपास बंद असल्याने तो सगळा भार मतपेटीवर येतो.

त्यात दोन अडचणींची भर पडते. पहिली म्हणजे सरकारी वकिलाचे रोजचे काम पोलिसांच्या साक्षीपुराव्यावर चालते, आणि अनेक ठिकाणी पोलीस युनियन त्याच्या प्रचाराला पैसा आणि पाठिंबा देते. दुसरी अडचण कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली पळणाऱ्या संशयितावर गोळी झाडण्याला मर्यादा घातली, पण १९८९ च्या ग्रॅहम विरुद्ध कॉनर निकालाने कसोटी ठरवली ती घटनास्थळी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेची. प्रकरण मागाहून निवांत बसून तपासायचे नाही, त्या क्षणी त्याला काय वाटले असते ते पाहायचे. हे दोन्ही निकाल दिवाणी दाव्यांतले असले, तरी फौजदारी निर्णयांवर त्यांची छाया कायम असते. अमेरिकेत पोलिसांच्या गोळीने दरवर्षी सुमारे हजार माणसे मरतात. त्यांपैकी खुनाचा किंवा सदोष मनुष्यवधाचा आरोप दोन टक्क्यांहूनही कमी प्रकरणांत ठेवला जातो.

कौल गेला तो असा

वादाला तोंड फुटले ते मिसूरी राज्यातल्या फर्ग्युसन गावात. ९ ऑगस्ट २०१४ रोजी अठरा वर्षांचा मायकेल ब्राउन पोलिसाच्या गोळीने मेला. प्रकरण सेंट लुइस काउंटीचे सरकारी वकील बॉब मॅककलक यांच्याकडे आले. ते १९९१ पासून त्या पदावर होते, आणि त्यांचे पोलीस वडील १९६४ साली कर्तव्यावर असताना मारले गेले होते. त्यांनी प्रकरणातून बाजूला व्हावे ही मागणी त्यांनी फेटाळली. ग्रँड ज्युरीसमोर साठ साक्षीदार उभे केले, मात्र कोणता आरोप ठेवावा याची शिफारस केली नाही. २४ नोव्हेंबरला आरोप नाकारले गेले. विरोधकांच्या मते एरवी एका दुपारी आरोप मिळवणाऱ्या कार्यालयाने इथे मुद्दाम सगळा ढिगारा ज्युरीपुढे ओतला. समर्थकांच्या मते एवढ्या संवेदनशील प्रकरणात सारा पुरावा समोर ठेवणे आणि नंतर कागदपत्रे खुली करणे हाच पारदर्शक मार्ग होता.

मतदारांना लगेच काही करता आले नाही. मॅककलक यांची प्राथमिक निवडणूक गोळीबाराच्या चारच दिवस आधी पार पडली होती, आणि नोव्हेंबरात त्यांच्यासमोर कोणीच नव्हते. संधी आली ती थेट ऑगस्ट २०१८ मध्ये. फर्ग्युसनच्या नगर परिषदेतले वेस्ली बेल यांनी त्यांना सुमारे ५७ टक्के मते घेऊन हरवले. तरीही हा फक्त ब्राउन प्रकरणाचा कौल मानणे धाडसाचे ठरेल. बेल यांचा प्रचार जामिनाची रोख रक्कम, गांजाचे छोटे गुन्हे, तुरुंगातली गर्दी यांवरही होता, आणि त्याच दिवशी कामगार संघटनांच्या हक्कांवरच्या सार्वमतामुळे त्यांचे मतदार मोठ्या संख्येने बाहेर पडले होते.

शिकागोत मतदारांचा राग जास्त नेमका होता. ऑक्टोबर २०१४ मध्ये मॅकडॉनल्डला सोळा गोळ्या लागल्या. तो चाकू घेऊन अंगावर आला, असे पोलीस सांगत होते. न्यायालयाच्या आदेशाने नोव्हेंबर २०१५ मध्ये गाडीच्या कॅमेऱ्यातले चित्रण बाहेर आले तेव्हा तो दूर चालत जाताना दिसला. अल्वारेझ यांनी पोलीस अधिकाऱ्यावर खुनाचा आरोप ठेवला तोही त्याच दिवशी. संघराज्याच्या यंत्रणांबरोबर तपास सुरू होता म्हणून वेळ लागला, हे त्यांचे स्पष्टीकरण लोकांना पटले नाही. किम फॉक्स यांना सुमारे ५८ टक्के मते मिळाली, अल्वारेझ यांना २९.

क्लीव्हलँडमध्ये खेळण्यातली बंदूक हातात असलेल्या तामिरला पोलिसांची गाडी येऊन थांबल्यावर दोन सेकंदांत गोळी लागली होती. मॅकगिंटी यांनी ग्रँड ज्युरीचे काम चालू असतानाच गोळीबार वाजवी ठरवणारे तज्ज्ञांचे अहवाल जाहीर केले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये आरोप न ठेवण्याची शिफारस स्वतःच केली. अडीच महिन्यांनी ते मायकेल ओमॅली यांच्याकडून पडले.

लॉस एंजेलिसमध्ये जॅकी लेसी यांच्या कार्यालयासमोर आंदोलक आठवड्यामागून आठवडे उभे राहिले. कर्तव्यावरच्या गोळीबाराबद्दल त्यांनी २०१८ साली एका उपशेरीफवर आरोप ठेवला, तो त्या काउंटीत जवळपास दोन दशकांतला पहिला होता. पण २०१५ च्या एका प्रकरणात शहराच्या पोलीसप्रमुखांनीच खटल्याची शिफारस केली असताना त्यांनी नकार दिला होता. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या वातावरणात, नोव्हेंबर २०२० मध्ये, त्या जॉर्ज गॅस्कोन यांच्याकडून हरल्या. गंमत अशी की गॅस्कोन यांनीही सॅन फ्रान्सिस्कोचे सरकारी वकील असताना प्राणघातक गोळीबाराबद्दल एकाही पोलिसावर आरोप ठेवला नव्हता.

उलट दिशेचे निकाल

एवढ्यावरून मतदार नेहमी एकाच बाजूने बोलतात असे वाटू शकते. तसे नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडमध्ये एरिक गार्नर यांचा मृत्यू गळा आवळल्याने झाला होता, गोळीने नाही; पण प्रश्न तोच होता. ग्रँड ज्युरीने डिसेंबर २०१४ मध्ये आरोप नाकारल्यावर पाचच महिन्यांनी तिथले सरकारी वकील डॅन डोनोव्हन यांना मतदारांनी संसदेवर पाठवले. कॅलिफोर्नियात साक्रामेंटोच्या ॲन मेरी शुबर्ट मार्च २०१८ मधल्या स्टीफन क्लार्क गोळीबारानंतर तीन महिन्यांच्या आत, प्रकरण अनिर्णित असताना, मोठ्या फरकाने पुन्हा निवडून आल्या. पुढच्या वर्षी त्यांनी आरोप न ठेवण्याचा निर्णय दिला.

आरोप ठेवणाऱ्यांचे भवितव्यही एकसारखे नाही. मिनेसोटाच्या रॅमझी काउंटीत जॉन चॉय यांनी फिलँडो कॅस्टील यांच्या मृत्यूप्रकरणी ग्रँड ज्युरीची ढाल न वापरता स्वतः आरोप ठेवला. २०१७ साली ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडले, तरी चॉय पुन्हा निवडून आले. फिलाडेल्फियात लॅरी क्रॅस्नर यांनी अनेक पोलिसांवर आरोप ठेवले. त्यांतला एक खटला न्यायाधीशांनी सुनावणीआधीच रद्द केला, एकात २०२२ साली सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, आणि क्रॅस्नर २०२१ व २०२५ मध्ये पुन्हा जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोत चेसा बूडीन यांनी कर्तव्यावरच्या गोळीबाराबद्दल एका पोलिसावर मनुष्यवधाचा खटला भरला. त्यांच्या कार्यालयाच्या म्हणण्यानुसार शहराच्या इतिहासातला तो पहिलाच होता. जून २०२२ मध्ये मतदारांनी मुदत संपण्याआधीच बूडीन यांना परत बोलावले. त्यामागे मुख्यतः चोऱ्या, अमली पदार्थांचा उघड बाजार आणि सार्वजनिक सुरक्षेची धास्ती होती. पोलिसाचा खटला हा त्यातला प्रमुख मुद्दा नव्हता. पण नव्या सरकारी वकील ब्रूक जेंकिन्स यांनी २०२३ मध्ये तो खटला मागे घेतला. मतदारांनी ज्यावर मत दिले नव्हते त्याचाही निकाल त्यांच्या मताने लागला.

खुर्ची बदलल्यावर काय बदलले

सर्वाधिक चर्चा झाली ती वेस्ली बेल यांच्या निर्णयाची. ब्राउन प्रकरणाची पाच महिने फेरतपासणी करून जुलै २०२० मध्ये त्यांनी जाहीर केले की मिसूरीच्या कायद्यानुसार खून किंवा मनुष्यवध संशयापलीकडे सिद्ध करता येणार नाही. संघराज्याच्या न्याय विभागाने २०१५ मध्येच तसे सांगितले होते. मात्र त्याच वेळी दुसऱ्या अहवालात फर्ग्युसन पोलिसांच्या एकूण कारभारावर कठोर ठपका ठेवला होता. ज्या प्रकरणाच्या संतापातून बेल यांची वाट मोकळी झाली, त्यात त्यांचा निष्कर्ष मॅककलक यांच्यापेक्षा वेगळा निघाला नाही. निष्कर्षापर्यंत जाण्याची रीत आणि तो सांगण्याचा सूर मात्र वेगळा होता.

शिकागोचा अनुभव वेगळ्या कारणाने बोलका आहे. मॅकडॉनल्ड प्रकरणात ऑक्टोबर २०१८ मध्ये पोलीस अधिकारी दुसऱ्या दर्जाच्या खुनाचा दोषी ठरला. कर्तव्यावरच्या गोळीबारासाठी शिकागोच्या पोलिसावर खुनाचा गुन्हा सिद्ध होण्याची ही जवळपास अर्धशतकातली पहिली वेळ. पण आरोप दाखल केला होता पराभूत अल्वारेझ यांनी, आणि खटला चालवला शेजारच्या केन काउंटीचे जोसेफ मॅकमेहन यांनी, न्यायालयाने नेमलेले विशेष सरकारी वकील म्हणून. निवडून आलेल्या फॉक्स यांचा त्यात थेट हात नव्हता. क्लीव्हलँडमध्ये ओमॅली आल्यावरही तामिर प्रकरणात आरोप झाले नाहीत. न्याय विभागानेही डिसेंबर २०२० मध्ये ते बंद केले. लॉस एंजेलिसमध्ये गॅस्कोन यांनी जुनी प्रकरणे उघडायला विशेष वकील नेमला, पण २०२४ मध्ये ते स्वतः नेथन हॉकमन यांच्याकडून सुमारे ६० विरुद्ध ४० अशा फरकाने हरले.

या घटना शेजारी शेजारी ठेवल्या की एक गोष्ट दिसते. मतदारांनी ज्यांना हटवले त्यांच्यावरचा मुख्य रोष निर्णयाइतकाच दिरंगाई, गुप्तता आणि पोलिसांची बाजू घेतल्याचा आभास यांवर होता. कार्यपद्धतीत मतपेटीने फरक पाडल्याचे दाखले देता येतात. दोषसिद्धीत पडलेला फरक मात्र दाखवणे अवघड आहे, कारण तिथे पुरावा, कायदा आणि ज्युरी आड येतात.

चार भूमिका

पहिली भूमिका मतपेटीच्या बाजूची. आरोप ठेवण्याचा अधिकार जवळपास निरंकुश आहे, न्यायालये त्यात हात घालत नाहीत, तेव्हा तो वापरणाऱ्याला कोणीतरी विचारणारे हवेच. लोकांनी निवडलेल्या माणसाला लोकांनी हटवणे यात गैर काय? राइट यांनी ज्या निवडणुकांना निर्जीव म्हटले होते त्या २०१६ नंतर जिवंत झाल्या, उमेदवारांना पोलीस गोळीबाराबद्दलचे धोरण लेखी सांगावे लागले, युनियनच्या देणग्या चर्चेत आल्या. हे स्वतःच उत्तरदायित्व आहे, असे हा पक्ष मानतो.

दुसरी भूमिका सावधगिरीची. फौजदारी आरोप हा जनमताचा विषय होऊ नये. आरोपी पोलीस असला तरी तो आरोपीच, आणि त्याच्यावरचा निर्णय पुराव्यावर व्हावा, पुढच्या निवडणुकीवर नाही. बॉल्टिमोरचे उदाहरण इथे हटकून येते. फ्रेडी ग्रे यांचा पोलीस कोठडीत झालेल्या दुखापतीने मृत्यू झाल्यावर मॅरिलिन मॉस्बी यांनी २०१५ मध्ये काही आठवड्यांत सहा पोलिसांवर आरोप ठेवले. एकही दोषी ठरला नाही. मिनेसोटाच्या हेनेपिन काउंटीत मेरी मॉरियार्टी यांनी जानेवारी २०२४ मध्ये एका राज्य पोलिसावर ठेवलेला खुनाचा आरोप जूनमध्ये मागे घेतला. या पक्षाचा आणखी एक मुद्दा असा की मतांच्या भीतीने आरोप ठेवायला लावणारी व्यवस्था गरीब आणि कृष्णवर्णीय आरोपींच्या बाबतीतही तशीच वागते. किंबहुना आजवर तिथेच जास्त वागली आहे.

तिसरी भूमिका म्हणते की गोंधळ निवडणुकीत नाही, हितसंबंधात आहे. पोलिसांबरोबर रोज काम करणाऱ्या स्थानिक वकिलाकडे पोलिसाचे प्रकरण देऊच नये. केट लिव्हाइन या कायदेपंडितांनी २०१६ साली हा विचार सविस्तर मांडला. पदावर कोण बसला आहे याने त्या संबंधात फारसा फरक पडत नाही, म्हणून प्रकरण बाहेरच्या स्वतंत्र यंत्रणेकडे जावे, असे या मताचे लोक सांगतात.

चौथी भूमिका या तिन्हींबद्दल साशंक आहे. एकेका पोलिसाला तुरुंगात धाडल्याने गोळीबार कमी होतात का, असे ती विचारते. भरती, प्रशिक्षण, मनोरुग्णांच्या हाकेला पोलिसांऐवजी कोण जाते, युनियनचे करार, नुकसानभरपाई कोणाच्या खिशातून जाते, हे खरे प्रश्न आहेत आणि ते महापौर, नगर परिषद, राज्य विधिमंडळ यांच्या हातात आहेत. सरकारी वकिलाच्या निवडणुकीत सारी शक्ती ओतली की तिकडे दुर्लक्ष होते, असा तिचा आक्षेप.

राज्यांनी काढलेल्या वाटा

तिसऱ्या भूमिकेचा परिणाम कायद्यांवर सर्वाधिक दिसतो. विस्कॉन्सिनने २०१४ मध्ये पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूंचा तपास बाहेरच्या अधिकाऱ्यांकडे देणे बंधनकारक केले. न्यूयॉर्कमध्ये २०१५ मध्ये राज्यपालांच्या आदेशाने निःशस्त्र नागरिकांच्या मृत्यूची प्रकरणे राज्याच्या ॲटर्नी जनरलकडे गेली, आणि २०२१ पासून त्यासाठी कायद्याने स्वतंत्र विभाग उभा राहिला. न्यू जर्सीने २०१९ मध्ये आणि कॅलिफोर्नियाने २०२० मध्ये तशाच दिशेचे कायदे केले. कॅलिफोर्नियाचा कायदा निःशस्त्र व्यक्तींवरच्या गोळीबारापुरता आहे. कनेक्टिकटने स्वतंत्र महानिरीक्षक नेमला.

या यंत्रणांमुळे दोन गोष्टी झाल्या. अहवाल सविस्तर आणि जाहीर होऊ लागले. पण न्यूयॉर्कच्या विभागातही बहुतांश प्रकरणे आरोपाविना बंद होतात. शिवाय बहुतेक राज्यांत ॲटर्नी जनरल हेही निवडून येणारेच पद आहे. जबाबदारी काउंटीच्या मतदाराकडून राज्याच्या मतदाराकडे सरकते, इतकेच.

वॉशिंग्टन राज्याने निराळा मार्ग धरला. तिथे १९८६ पासून पोलिसाने द्वेषबुद्धीने गोळी झाडली हे दाखवल्याशिवाय खटला उभा राहत नसे. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत दोनशेहून अधिक मृत्यूंमध्ये एकाच अधिकाऱ्यावर आरोप झाला. २०१८ मध्ये मतदारांनी सार्वमताने ही अट काढून टाकली. पुढे किंग काउंटीच्या सरकारी वकिलांनी ऑबर्न शहरातल्या एका पोलिसावर २०१९ च्या गोळीबाराबद्दल खटला भरला आणि जून २०२४ मध्ये ज्युरीने त्याला खुनाचा दोषी ठरवले. इथेही मतपेटीच होती, पण मत व्यक्तीवर न पडता कायद्यावर पडले होते. कॅलिफोर्नियाने विधिमंडळातून कायदा करून २०२० पासून प्राणघातक बळ आवश्यक असेल तरच वैध, अशी कसोटी आणली.

नागरिकांना थेट न्यायालयात जाऊ देणाऱ्या जुन्या तरतुदीही काही ठिकाणी धुंडाळल्या गेल्या. ओहायोत नागरिकांनी प्रतिज्ञापत्रे दिल्यावर क्लीव्हलँडच्या न्यायाधीशांनी जून २०१५ मध्ये तामिर प्रकरणात आरोपाला पुरेसा आधार असल्याचे मत दिले. पण ते सल्ल्यापुरतेच राहिले. विस्कॉन्सिनमध्ये २०२१ साली एका न्यायाधीशांनी असाच आधार असल्याचे ठरवून विशेष वकील नेमले, आणि त्यांनीही शेवटी खटला भरला नाही.

न सुटलेले प्रश्न

पहिला प्रश्न मतदार कोण, हा. फर्ग्युसनमध्ये दोन-तृतीयांश लोक कृष्णवर्णीय; पण सेंट लुइस काउंटीची लोकसंख्या सुमारे दहा लाख आणि तिच्यात कृष्णवर्णीयांचा वाटा पाव भागाच्या आसपास. गोळी जिथे चालते त्या वस्तीचे मत काउंटीच्या उपनगरांत विरून जाते. विल्यम स्टंट्झ या विधिज्ञांनी २०११ च्या आपल्या पुस्तकात याच भूगोलावर बोट ठेवले होते. मतदारसंघ शहरापुरता करावा, तर छोट्या शहरांत पोलीस खाते आणि सरकारी वकील यांची जवळीक आणखी वाढेल, हा उलट धोका.

दुसरा प्रश्न वेळेचा. चार किंवा आठ वर्षांनी येणारी निवडणूक एका निर्णयाचा जाब कसा विचारणार? मुदतीआधी परत बोलावण्याची सोय असलेल्या राज्यांत हा प्रश्न सुटतो, पण तिथे प्रत्येक अप्रिय निर्णयावर टांगती तलवार राहते. शिवाय एकाच मतात जामीन, अमली पदार्थ, चोऱ्या आणि पोलिसांचे खटले सारेच मोजले जाते. त्यातून गोळीबाराबद्दलचा कौल वेगळा काढण्याची खात्रीलायक रीत अभ्यासकांनाही सापडलेली नाही.

तिसरा प्रश्न पैशाचा. एका बाजूला पोलीस युनियनचा निधी, दुसऱ्या बाजूला जॉर्ज सोरोस यांच्यासारख्या धनिकांचा. २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या काही सरकारी वकिलांनी युनियनच्या देणग्यांवर बंदीची मागणी केली, आणि बाहेरच्या धनिकांबद्दल त्यांचे विरोधक तोच आक्षेप घेतात. दोन्हींना एकच नियम लावावा का, यावर एकमत नाही.

चौथा प्रश्न मतदारांच्या निवडीला राज्याने किती मान द्यावा, हा. फ्लोरिडाचे राज्यपाल रॉन डिसँटिस यांनी २०२२ आणि २०२३ मध्ये दोन निवडून आलेल्या सरकारी वकिलांना निलंबित केले. त्यांतल्या मोनिक वॉरेल २०२४ मध्ये पुन्हा निवडून आल्या. जॉर्जियाने २०२३ मध्ये सरकारी वकिलांवर कारवाई करू शकणारा आयोग कायद्याने आणला. पेनसिल्व्हेनियाच्या प्रतिनिधिगृहाने क्रॅस्नर यांच्यावर महाभियोगाचा ठराव केला होता. हे वाद मुख्यतः गुन्ह्यांबाबतच्या नरमाईवरून झाले, पण पोलिसांवर खटला भरणाऱ्या वकिलालाही ते लागू पडतात.

पाचवा प्रश्न कायद्याचा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बार्न्स विरुद्ध फेलिक्स या दिवाणी प्रकरणात एकमताने सांगितले की फक्त धोक्याचा क्षण पाहून चालणार नाही, आधीच्या साऱ्या परिस्थितीचा विचार करावा लागेल. फौजदारी निर्णयांवर याचा किती परिणाम होईल, हे यापुढच्या प्रकरणांत ठरेल.

आजघडीला अमेरिकी मतदाराकडे या बाबतीत तीन साधने आहेत: सरकारी वकील बदलणे, प्रकरण स्थानिक वकिलाच्या हातून काढून दुसऱ्या यंत्रणेकडे देणारा कायदा करवून घेणे, आणि गोळीबाराची कायदेशीर कसोटीच बदलणे. पहिले साधन सर्वात जवळचे म्हणून सर्वाधिक वापरले गेले, आणि त्याने कार्यालयांची दारे थोडी उघडली. दुसऱ्याने तपास दूर नेला, पण आरोपांचे प्रमाण फारसे हलले नाही. तिसरे वॉशिंग्टनमध्ये दोषसिद्धीपर्यंत पोचल्याचे दिसते, मात्र एका राज्याच्या मोजक्या खटल्यांवरून नियम बांधता येत नाही. पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनच्या नव्या कसोट्यांखाली किती खटले उभे राहतात आणि किती टिकतात, याची आकडेवारी साचेल. मतपेटीची ताकद माणूस बदलण्यात जास्त आहे की नियम बदलण्यात, या प्रश्नावर तेव्हा आजच्यापेक्षा भरीव पुराव्याने बोलता येईल.